आकड्यांतून साताऱ्याचे डोंगर: इमेज फाइल वाचायची आणि लिहायची कशी

इमेज फाइल म्हटलं की बहुतेक विद्यार्थी थेट एखादी भलीमोठी लायब्ररी इन्स्टॉल करायला बसतात. दोन ओळींत फोटो उघडतो, तिसऱ्या ओळीत सेव्ह होतो, पण फाइलच्या पोटात काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. पुढे चित्र तिरकं येतं, रंग उलटेपालटे होतात, काळ्या जागी पांढरे ठिपके उमटतात, आणि चूक कुठे शोधायची तेच सुचत नाही. म्हणून आधी फाइल हाताने लिहायची, मग प्रोग्रॅमने, आणि लायब्ररी सगळ्यात शेवटी, असा क्रम मी नेहमी धरतो. लायब्ररीसुद्धा अशी, की जिचा प्रत्येक पॅरामीटर आपल्याला समजला पाहिजे.

सरावासाठी चित्र आपल्या भागाचंच घेऊ. गुहागर-दाभोळच्या समुद्रापासून सह्याद्री चढून कास, कोयना, महाबळेश्वर आणि साताऱ्यापर्यंतचा सगळा मुलूख जमिनीच्या उंचीच्या आकड्यांतून कागदावर उभा करायचा आहे. भाषा सी, कारण ती अभियांत्रिकीच्या आणि बीसीएसच्या पोरांना पहिल्याच वर्षी शिकवतात. फंक्शनांची नावं या लेखात देवनागरीत आहेत. प्रोग्रॅममध्ये ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करा.

नोटपॅडमध्ये लिहिता येणारं चित्र

जेफ पोस्कॅन्झर यांनी १९८०च्या दशकात चित्रांसाठी अतिशय साधे फॉरमॅट तयार केले: काळ्या-पांढऱ्यासाठी पीबीएम, राखाडीसाठी पीजीएम आणि रंगीतसाठी पीपीएम. यातला पीबीएम तर साध्या मजकुराच्या रूपात ईमेलने पाठवता यावा म्हणूनच जन्मला. आजही शिकण्यासाठी याहून चांगला फॉरमॅट नाही.

टेक्स्ट एडिटर उघडा आणि एवढंच लिहा (आकडे इंग्रजी आणि पहिलं अक्षर मोठं पी):

पी२
६ ४
२५५
० २० ४० २३० १६० १२०
० २५ ४५ २१० १९० ११०
० १५ ५० २४० १५० १२५
० २० ४० २२० १७० ११५

फाइलच्या नावाला पीजीएम हे एक्स्टेन्शन द्या आणि गिंप किंवा इर्फानव्ह्यूमध्ये उघडा. विंडोजचं नेहमीचं फोटो ॲप हा फॉरमॅट उघडत नाही, तेव्हा फाइल बिघडली असं समजू नका. झूम केल्यावर चोवीस चौकोन दिसतील. डावीकडे काळा समुद्र, मग गडद कोकणपट्टी, मधे उजळ घाटमाथा आणि उजवीकडे उतरत गेलेली साताऱ्याची बाजू.

पहिल्या ओळीतली खूण फॉरमॅट सांगते. दुसऱ्या ओळीत रुंदी आणि उंची, याच क्रमाने. तिसऱ्या ओळीत सगळ्यात उजळ छटेचा आकडा. त्याखाली पिक्सेल, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू करून ओळीने उजवीकडे. शून्य म्हणजे काळा. फक्त पीबीएममध्ये हे उलट आहे, तिथे १ म्हणजे काळा आणि ० म्हणजे पांढरा, कारण तिथे १ चा अर्थ कागदावर शाई असा घेतला आहे.

पी१, पी२, पी३ हे तीन मजकुराचे प्रकार. पी४, पी५, पी६ ही त्यांचीच बायनरी भावंडं. हेडर, म्हणजे पिक्सेलच्या आधीच्या ओळी, तसंच राहतं, फक्त खालचे आकडे अक्षरांत न लिहिता सरळ बाइट म्हणून येतात. आपल्याला मुख्यतः पी५ आणि पी६ लागणार आहेत.

उंचीची फाइल

फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीच्या मोठ्या भागाची उंची मोजली. ती माहिती एसआरटीएम या नावाने ओळखली जाते आणि नासाच्या अर्थडेटा संकेतस्थळावर मोफत नोंदणी करून उतरवून घेता येते. एक अंश बाय एक अंश असे तुकडे असतात आणि तुकड्याचं नाव त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून ठरतं. आपल्याला हवा तो तुकडा एन१७ई०७३, म्हणजे उत्तर अक्षांश १७ ते १८ आणि पूर्व रेखांश ७३ ते ७४. तीन सेकंदांची आवृत्ती घ्या (सेकंद इथे वेळेचा नव्हे, कोनाचा, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). त्यात दोन बिंदूंमधलं अंतर साधारण ९० मीटर असतं, सुरुवातीला तेवढं पुरे.

झिप उघडली की एचजीटी एक्स्टेन्शनची फाइल मिळेल. तिला हेडर वगैरे काही नसतं. १२०१ ओळी, प्रत्येकीत १२०१ आकडे, प्रत्येक आकडा दोन बाइटचा, मीटरमध्ये. म्हणजे फाइल बरोबर २८,८४,८०२ बाइटची असली पाहिजे. प्रोग्रॅम लिहिण्याआधी आकार तपासा. तो २,५९,३४,४०२ निघाला तर तुम्ही एक सेकंदाची, ३६०१ ओळींची आवृत्ती उतरवली आहे. तीही चालेल, फक्त पुढचे सगळे १२०१ बदलावे लागतील.

आता एक गंमत. पी५मध्ये तिसरा आकडा २५५ पेक्षा मोठा असला तर प्रत्येक पिक्सेल दोन बाइटचा धरतात, मोठा बाइट आधी. एचजीटीमध्येही मोठा बाइट आधीच असतो. म्हणजे पी५, १२०१ १२०१ आणि ६५५३५ एवढं हेडर एका वेगळ्या फाइलमध्ये लिहायचं, शेवटी एकदाच एंटर मारायचा आणि त्याच्यामागे एचजीटी फाइल जशीच्या तशी जोडायची. लिनक्सवर कॅट कमांडने आणि विंडोजवर कॉपी कमांडला बी पर्याय देऊन हे काम होतं. एकही ओळ प्रोग्रॅम न लिहिता चित्र तयार.

चित्र जवळपास काळंकुट्ट दिसेल, आणि तसंच दिसलं पाहिजे. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट साधारण १४४० मीटर, आणि ६५५३५ पैकी १४४० म्हणजे जेमतेम दोन टक्के उजेड. गिंपमध्ये लेव्हल्स ताणल्या की डोंगर वर येतात. काळ्यात कुठे मधल्या राखाडी रंगाचे ठिपके दिसले तर तिथे रडारला उंची मिळालेली नाही. त्या जागी −३२७६८ हा आकडा भरलेला असतो आणि चिन्ह न पाहता वाचला तर तो ३२७६८ होतो, म्हणजे बरोबर अर्धा उजेड. ती उंची नाही, माहिती नसल्याची खूण आहे.

प्रोग्रॅमने वाचताना

एफओपनला मोड देताना आर (टेक्स्ट) नव्हे, आरबी (बायनरी) द्या. लिनक्सवर दोन्ही सारखेच चालतात, त्यामुळे ही सवय लागत नाही आणि मग कॉलेजच्या विंडोज मशीनवर गाडी अडते. विंडोज टेक्स्ट मोडमध्ये २६ हा बाइट दिसला की फाइल संपली असं समजतं. आपल्या तुकड्याच्या पहिल्याच ओळी कोकण किनाऱ्यावरच्या आहेत आणि तिथे २६ मीटर उंचीच्या जागांना तोटा नाही. २८२ मीटरमध्येही तो बाइट आहे, कारण २८२ म्हणजे १ गुणिले २५६ अधिक २६. वाचन सुरुवातीलाच थांबतं आणि बाकी सगळं चित्र रिकामं येतं. म्हणून एफरीडने किती बाइट वाचले तो आकडा नेहमी तपासा.

दुसरी गोष्ट बाइटच्या क्रमाची. आपल्या इंटेल किंवा एएमडी संगणकात धाकटा बाइट आधी असतो. फाइल थेट शॉर्टच्या ॲरेमध्ये ओतली तर ७०० मीटरची जागा −१७४०६ दिसते. का, ते पाहा. ७०० म्हणजे २ आणि १८८ हे दोन बाइट. उलटे वाचले तर १८८ गुणिले २५६ अधिक २, म्हणजे ४८१३०. तो ३२७६७ च्या वर असल्याने त्यातून ६५५३६ वजा होतात आणि −१७४०६ उरतात. उपाय सोपा आहे: बाइट अनसाइन्ड कॅरच्या ॲरेमध्ये घ्यायचे, पहिला गुणिले २५६ अधिक दुसरा असा आकडा काढायचा, तो ३२७६८ किंवा जास्त असेल तर ६५५३६ वजा करायचे. हे कुठल्याही मशीनवर चालतं.

ॲरे मॅलॉकने घ्या. चौदा लाखांवर शॉर्ट म्हणजे जवळपास २९ लाख बाइट होतात, आणि विंडोजवर फंक्शनच्या आतल्या ॲरेसाठी साधारण एक एमबी जागा मिळते. मेनच्या आत एवढा ॲरे जाहीर केला की प्रोग्रॅम काही न बोलता बंद पडतो.

−३२७६८ दिसला तिथे डावीकडच्या बिंदूची उंची भरा. शास्त्रीय कामाला हे चालणार नाही, चित्राला चालतं.

आता बरोबर वाचलं की नाही याची खात्री ओळखीच्या जागेवर करा. कास साधारण १७.७२ उत्तर आणि ७३.८२ पूर्व. रकाना म्हणजे ०.८२ गुणिले १२००, म्हणजे ९८४. ओळ उत्तरेकडून मोजायची असते, म्हणून १८ वजा १७.७२, म्हणजे ०.२८, गुणिले १२००, म्हणजे ३३६. ३३६ गुणिले १२०१ अधिक ९८४ या जागेवरची उंची छापा. पठाराची उंची १२०० मीटरच्या आसपास आहे, तेव्हा आकडा त्या घरातला यायला हवा. त्यापेक्षा फारच कमी आला तर ओळ आणि रकान्याची अदलाबदल झाली आहे, किंवा ओळी दक्षिणेकडून मोजल्या गेल्या आहेत.

पहिलं राखाडी चित्र

उंची ० ते १४५० आणि छटा ० ते २५५. सूत्र: उंची गुणिले २५५ भागिले १४५०. आधी गुणा, मग भागा. ७०० गुणिले २५५ भागिले १४५० म्हणजे १२३. उलट केलं तर पूर्णांकांच्या भागाकारात ७०० भागिले १४५० शून्य होतो आणि अख्खं चित्र काळं येतं.

लिहिताना मोड डब्ल्यूबी. इथे बी विसरला तर विंडोज प्रत्येक १० या बाइटच्या आधी एक १३ घुसडतं. राखाडी छटा १० म्हणजे कोकणातली साधारण ५७ ते ६२ मीटरची प्रत्येक जागा. अशी जागा आली की पुढचे सगळे पिक्सेल एका घराने सरकतात आणि किनाऱ्यापासून चित्र फाटत फाटत तिरकं होत जातं. पीएनजी फॉरमॅट ठरवणाऱ्यांना या घोळाची चांगलीच जाण होती. पीएनजीचे पहिले आठ बाइट १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० असे असतात. कोणी फाइल टेक्स्ट समजून हाताळली तर त्यातले १३, १० आणि २६ लगेच बिघडतात आणि सुरुवातीलाच दोष पकडला जातो.

एफप्रिंटएफने हेडर लिहा: पी५, नवी ओळ, १२०१ १२०१, नवी ओळ, २५५, नवी ओळ. शेवटच्या आकड्यानंतर मोकळी जागा किंवा नवी ओळ एकच हवी. सवयीने आणखी एक रिकामी ओळ टाकली तर तिचाच बाइट पहिला पिक्सेल म्हणून वाचला जातो. मग एफराइटने पिक्सेल. हेडर १७ बाइटचं आणि पिक्सेल १४,४२,४०१, म्हणून फाइल १४,४२,४१८ बाइटची झाली पाहिजे. चित्र उघडण्याआधी आकार पाहायची सवय लावून घ्या, निम्म्या चुका तिथेच सापडतात.

ऊन-सावली

हे राखाडी चित्र धुक्यातल्यासारखं दिसतं. उंच भाग उजळ, खोल भाग गडद, पण डोंगराला अंग नाही. ते अंग सावलीने येतं, आणि या सगळ्या उद्योगातला मला सर्वांत आवडणारा टप्पा हाच. नकाशाशास्त्रात प्रकाश वायव्येकडून आला असं मानायचा प्रघात आहे. त्यामुळे वायव्येकडे तोंड असलेला उतार उजळ हवा. अशा उतारावर आग्नेयेकडे जाताना आपण चढतो. म्हणून प्रत्येक बिंदूसाठी आग्नेय शेजाऱ्याच्या उंचीतून वायव्य शेजाऱ्याची उंची वजा करा, आलेला फरक निम्मा करा आणि १२८ मिळवा. कडेच्या ओळी आणि रकाने सोडून द्या, त्यांना एका बाजूला शेजारी नसतो.

सपाट जागी फरक शून्य, छटा १२८. फरक २०० मीटर असेल तर २२८, चांगलं लख्ख. उलट बाजूला −३०० असेल तर १२८ वजा १५०, म्हणजे −२२. आणि इथे हटकून घसरायला होतं: अनसाइन्ड कॅरमध्ये −२२ टाकला की तो २३४ होतो. जिथे सगळ्यात गडद सावली हवी तिथेच पांढरे ठिपके चमकतात. म्हणून आधी इंटमध्ये हिशेब करा, शून्याखाली गेलं तर शून्य, २५५ वर गेलं तर २५५, आणि मगच बाइटमध्ये ठेवा.

आता चित्र उघडा. सह्याद्रीचा पश्चिमेकडचा कडा उत्तर-दक्षिण उजळ पट्ट्यासारखा उभा राहतो. त्याच्या पूर्वेला डोंगररांगांच्या बोटांमधून कोयनेचा जलाशय लांबलचक, शांत, एकाच राखाडी छटेचा दिसतो, कारण पाणी सपाट आणि सपाटीची छटा १२८. त्याचं दक्षिण टोक धरणाच्या भिंतीशी, साधारण ओळ ७२० आणि रकाना ९०० ला. कासचं पठारही जवळपास त्याच छटेचं, फक्त कडेला दोन्हीकडे अचानक तुटलेलं. यवतेश्वराच्या घाटाने रोज वर-खाली करणाऱ्याला हे तुटणं चित्रात पाहून जागच्या जागी ओळखू येतं.

रंग

पी६मध्ये प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट: लाल, हिरवा, निळा. पिक्सेलची जागा म्हणजे ओळ गुणिले रुंदी अधिक रकाना, आणि या सगळ्याच्या तिप्पट. कंस विसरू नका. उंचीचे पट्टे मी असे धरतो: शून्य किंवा खाली समुद्राचा निळा (७०, ११०, १६०); २०० मीटरपर्यंत कोकणाचा हिरवा (११०, १६०, ९०); ८०० पर्यंत, म्हणजे घाटाचा पायथा आणि कृष्णेचं खोरं, पिवळसर (१९०, १७०, ११०); १००० पर्यंत (१७०, १३०, ९०); आणि त्यावर पठारांसाठी जांभ्या दगडाचा तांबडा (१६०, ९०, ६०). त्यावर सावली चढवायला प्रत्येक रंगाला सावलीची छटा अधिक १२८ ने गुणून २५६ ने भागा. सपाट जागी रंग आहे तसा राहतो. १९० वर २२८ ची सावली आली तर उत्तर २६४ येतं, म्हणून इथेही २५५ ची मर्यादा घालावी लागते.

आता लायब्ररी

पीपीएम कोणाला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवता येत नाही, छपाईवालाही घेत नाही. पीएनजी हवी. ती स्वतः लिहायची तर कॉम्प्रेशन आणि चेकसम आले, आणि इथे लायब्ररी घेणं शहाणपणाचं. शॉन बॅरेट यांची एसटीबी लायब्ररी म्हणजे सुट्या हेडर फाइलींचा संच. त्यातल्या वाचनाची एसटीबी_इमेज आणि लेखनाची एसटीबी_इमेज_राइट अशा दोन फाइली आपल्या प्रोग्रॅमच्या शेजारी ठेवल्या की इन्स्टॉलेशन झालं. वापरायला कोणतीही आडकाठी नाही, ती सार्वजनिक मालकीची म्हणून खुली आहे.

एक नियम मात्र पाळावा लागतो. ही हेडर फाइल प्रोग्रॅमला जोडण्याआधी इम्प्लिमेंटेशनचा डिफाइन लिहायचा, तोही संपूर्ण प्रोजेक्टमध्ये एकाच सी फाइलमध्ये. कुठेच लिहिला नाही तर लिंकर फंक्शन सापडत नाही म्हणतो; दोन फाइलींत लिहिला तर तेच फंक्शन दोनदा आहे म्हणतो. लिनक्सवर जीसीसीला शेवटी एलएम हा पर्यायही द्या, गणिताची लायब्ररी लागते.

लिहायला एसटीबीआय_राइट_पीएनजी. त्याला क्रमाने सहा गोष्टी द्यायच्या: फाइलचं नाव, रुंदी, उंची, चॅनेल (एका पिक्सेलमागचे आकडे) किती, पिक्सेलचा पॉइंटर, आणि एका ओळीचे बाइट. राखाडीला चॅनेल १ आणि ओळ १२०१ बाइटची. रंगीतला चॅनेल ३ आणि ओळ ३६०३ ची. पी६साठी भरलेला ॲरे जसाच्या तसा चालतो, कारण लायब्ररीलाही वरच्या डाव्या कोपऱ्यापासून लाल-हिरवा-निळा असाच क्रम लागतो. उत्तर शून्य आलं तर फाइल लिहिली गेली नाही. बहुतेक वेळा फोल्डरचा पत्ता चुकलेला असतो.

बीएमपीसाठी वेगळं फंक्शन आहे, आणि तिथे लायब्ररी किती काम वाचवते ते कळतं. बीएमपीत ओळी सहसा खालून वर असतात, रंग निळा-हिरवा-लाल असे असतात आणि प्रत्येक ओळीची लांबी चारच्या पटीत लागते. आपली ओळ ३६०३ बाइटची, म्हणून प्रत्येक ओळीमागे एक फालतू बाइट भरावा लागतो. जेपीजी फंक्शनला ओळीचे बाइट लागत नाहीत, त्याऐवजी १ ते १०० गुणवत्ता द्यायची. पण ज्या चित्राचे आकडे पुन्हा वाचायचे आहेत ते जेपीजीत ठेवू नका, आकडे बदलतात.

वाचायला एसटीबीआय_लोड. रुंदी, उंची आणि मूळ चॅनेल यांचे पत्ते द्यायचे आणि शेवटी हवे तेवढे चॅनेल मागायचे. मोबाइलमधल्या स्क्रीनशॉटला बऱ्याचदा पारदर्शकतेचा चौथा चॅनेल असतो. तुम्ही ३ मागितले तर मेमरीत ३ च येतात, पण मूळ चॅनेलच्या व्हेरिएबलमध्ये ४ च राहतो. पिक्सेलची जागा काढताना तो ४ वापरला तर चित्राच्या बाहेरची मेमरी वाचली जाते. मागितलेलाच आकडा वापरा. पॉइंटर नल आला तर एसटीबीआय_फेल्युअर_रीझन कारण सांगतं. काम झालं की एसटीबीआय_इमेज_फ्रीने मेमरी परत करा. पी५ आणि पी६ हे लोड फंक्शन वाचतं. मजकुराचे पी२, पी३ वाचत नाही, ते आपणच एफस्कॅनएफने वाचायचे.

सातारा शहर पूर्ण हवं असेल तर

७४ पूर्व हा रेखांश सातारा शहराच्या अंगावरूनच जातो, त्यामुळे वरच्या चित्रात शहर उजव्या कडेला, ओळ ३८४ च्या आसपास अर्धं कापलेलं दिसतं. शेजारचा एन१७ई०७४ तुकडाही उतरवा. डाव्या तुकड्याचा शेवटचा रकाना आणि उजव्याचा पहिला रकाना एकच असतो, म्हणून जोडलेली रुंदी २४०२ नव्हे, २४०१. प्रत्येक ओळीत डाव्यातले १२०१ आकडे आणि उजव्यातले पहिला सोडून १२०० घ्या. जोडण्याआधी ते दोन रकाने ओळीओळीने ताडून पाहा. जुळले नाहीत तर तुकडे वेगवेगळ्या आवृत्तीचे आहेत. आणि सावली जोडल्यानंतरच काढा, नाहीतर शहराच्या मधोमध उभी रेघ येईल.

छापण्याआधी आणखी एक दुरुस्ती. आपल्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा आखूड असतो, साधारण ०.९५ पट. त्यामुळे चित्र पूर्व-पश्चिम थोडं ताणलेलं दिसतं. गिंपमध्ये रुंदी २४०१ वरून २२९० करा आणि उंची १२०१ तशीच ठेवा. इंचाला ३०० ठिपके धरले तर ही छपाई साडेसात इंच रुंद आणि चार इंच उंच येते. शाळेच्या भिंतीवर लावण्याएवढी मोठी हवी असेल तर हीच फाइल ताणू नका, एक सेकंदाचे तुकडे उतरवा आणि प्रोग्रॅममध्ये १२०१ च्या जागी ३६०१ घाला. तेव्हा बिंदूंमधलं अंतर ३० मीटरवर येतं आणि तोच उतार लहान फरकात मोजला जातो, म्हणून सावलीच्या सूत्रात फरक निम्मा न करता दीडपट करा.